बटणांच्या डब्यातली किल्ली

हॅलो?

हॅलो... अगं, तू होय. बोल. नाही गं, झोपेतून कसली उठवतेस, सहापासून खिडकीत उभी आहे मी. मशीनवर पडदा शिवायला घातलाय, पण पाय चालवायचं भान कुणाला आहे...

आले ना. म्हणून तर. रंगवाले आले.

कसले म्हणजे? सायकलींचा पट्टा आखायला. आमच्या रस्त्यावर. मागच्या आठवड्यात तासभर सांगत होते तुला, 'हो ताई, हो ताई' चाललं होतं तुझं. कान कुठे ठेवले होतेस?

हं. समोरच्या बाजूने. शाळेच्या कोपऱ्यापासून थेट लाँड्रीपर्यंत. पांढरी रेघ, आणि रेघेवर लोखंडी खांब, हाताहातावर एक. तिकडे आता गाडी म्हणून उभी करायची नाही. लावायची तर आमच्या बाजूला लावा, जागा मिळाली तर.

हो... हो, त्याच्या दारात पण. त्याच्याच दारात तर आधी.

समोरचा म्हणजे तोच गं. जावईबापू. आपणच नाही का नाव ठेवलं? रस्ता सासऱ्याने लिहून दिल्यासारखा वागतो म्हणून...

थांब हं, हे हाक मारतायत. काय हो? ...धाकटीचा फोन आहे. ...काय तुटलं? ...बटण? डबा मशीनवर आहे, घेऊन जा. हो, बिस्किटांचा, तोच. सुईदोरा आहे त्यातच.

हां, बोल. काही नाही गं, यांच्या शर्टाचं बटण. आज शर्ट घालायचाय म्हणे. दोन वर्षं बनियनवर काढली माणसाने, आजच कुठे शर्ट आठवला. लावू दे, स्वतःचं स्वतः लावू दे. चष्म्याचे तिळाएवढे स्क्रू बसवायचे ते हात, बटणाला काय भितात... गेले. काठी टेकत टेकत गेले डबा घेऊन. नमस्कार सांगितलाय तुला.

तर ऐक ना. गाडी तिथेच आहे अजून.

त्याची. ती काळी, म्हशीएवढी. आठ दिवस आधी दारादारावर नोटीस लावून गेले होते, अमुक तारखेला गाड्या काढा म्हणून. सगळ्यांनी काढल्या. शाळेच्या बाईंनी काढली, दातांच्या डॉक्टरांनी काढली, लाँड्रीवाल्याने टेम्पो काढला. याने काय केलं, नोटिशीने काच पुसली. माझ्या डोळ्यांदेखत. आणि मुकादमाला ऐकवलं, माझी गाडी इथून हलणार नाही, रेघ मारायची तर टपावरून मारा.

अगं, तेवढं ऐकवून सकाळी आठला फाइल काखोटीला मारून गेलाय कचेरीत. स्थगिती आणायला. रिक्षाने गेला. स्वतःची गाडी दारात अडवून रिक्षाने गेला, हसू का रडू मी...

नाही, उचलून नेत नाहीत. तेच तर. मुकादम म्हणाला, बाई, आमच्याकडे क्रेन नाही आणि कागदावर तसा हुकूमही नाही. आम्ही काय करतो, गाडी असेल तिथे, रंगाचं गाडं तिला घासू नये म्हणून, रेघ तोडतो, पुढे जोडतो. पण खांब मात्र आखल्याप्रमाणे बसवतो, त्यांचे खड्डे नकाशावर ठरलेले असतात.

कळलं का तुला? नाही कळलं. नीट ऐक. गाडी आत. एका अंगाला फुटपाथ, दुसऱ्या अंगाला खांबांची रांग. पट्ट्याच्या दोन्ही तोंडांना मधोमध एकेक खांब, मोटारी शिरू नयेत म्हणून. त्या बाजूच्या घरांना फाटकं नाहीत, सगळ्यांचे दरवाजे फुटपाथवरच. म्हणजे खांब बसले की गाडी कोंडली. पुढे नाही, मागे नाही. बाहेर काढायची तर अर्ज कर, शिक्का घे, खांब उपटायला माणसं आण... महिने जातात, बाई, महिने. रोज सकाळी उठून बघावी त्याने आपली म्हैस गोठ्यात.

मी हसत नाहीये. बरं, हसतेय. हसू दे की. दोन वर्षांनी हसतेय.

खांब रेघेच्या मागोमाग बसतील. आता रेघ चाललीय. तो बंब आहे ना रंगाचा, खाली जाळ पेटवलाय, रंग उकळतोय त्यात. वास आलाय अख्ख्या घरात. एक जण दोरी धरून खडूने आखतो, दुसरा ते गाडं ढकलतो, तिसरा मागून काचेचा चुरा फेकतो, अंधारात चमकायला. सुरेख काम करतात गं. कापड बेतल्यासारखं. दातांच्या डॉक्टरांपर्यंत आलेत... आता त्याच्या दारात येतील.

हो, चहा दिला ना मी. सहा जणांना. आलं घालून.

...तसंच नाही दिला. म्हणजे मुकादमाने विचारलं, ही गाडी कुणाची, तुम्ही ओळखता का, थोडं थांबू का त्यांच्यासाठी. मी म्हटलं, मालक परगावी गेलेत. महिनाभर यायचे नाहीत. तुम्ही तुमचं काम करा.

खोटं म्हणजे... जाऊ दे ना, एवढंसं खोटं. त्याच्या थोबाडावर बोलायचं ते मुकादमाला बोलले, एवढंच.

आणि अजून सांगू? तू ओरडशील. ओरडायचं नाही. त्या गाडीची दुसरी किल्ली माझ्याकडे आहे.

हो. माझ्याकडे. पूर्वीची, सख्य होतं तेव्हाची. महिन्यातून दोनदा किल्ली आत विसरून गाडी लॉक करायचा, म्हणून बायकोने आणून दिली होती, 'वहिनी, तुमच्याकडे राहू दे.' मग ते सगळं झालं आणि किल्ली राहिली ती राहिलीच. मागायला तोंड कुठाय त्याला? विसरलाही असेल. माझ्या बटणांच्या डब्यात आहे, दोन वर्षं. कधी लाल बटण शोधायला हात घातला की बोटाला लागते. लागली की बरं वाटतं.

मग? देऊ मुकादमाला? घ्या किल्ली, हलवा साहेबांची गाडी, धुवूनपुसून सावलीत लावा, असं म्हणू?

नाही. नाही म्हणजे नाही. आईसारखी बोलू नकोस. 'सोडून दे, सोडून दे.' तू नव्हतीस इथे. मी होते, याच खिडकीत उभी होते. हे सायकलवरून निघाले दुकानाला, तीस वर्षं निघत होते तसे, मी हात केला, त्यांनी मागे न बघता हात वर केला. आणि त्याने गाडीचं दार उघडलं. कानाला फोन लावून, मागे न बघता, धाडकन.

आवाज येतो गं अजून मला. पडल्याचा नाही. दाराचा.

आणि उतरून त्याने पहिलं काय केलं? पहिलं? दार मिटून बघितलं. पुन्हा उघडलं, पुन्हा मिटलं. बिजागरी नीट आहे ना म्हणून. हे रस्त्यावर पडलेत, खुब्याचं हाड मोडलंय, आणि हा दार मिटून बघतोय. मी जिना उतरून पोचेपर्यंत म्हणतो काय, 'दिसलेच नाहीत हो.' दिसले नाहीत. यांनी नंबर काढलेला, यांनी घासून बसवलेला चष्मा त्याच्या नाकावर, आणि म्हणे दिसले नाहीत. चोर तो चोर, वर शिरजोर.

भेटायला? आला ना. त्याच्याऐवजी घंटी आली. विसरलीस? यांना हॉस्पिटलमधून आणलं, तिसऱ्या दिवशी सायकलच्या दुकानातला माणूस पुडकं घेऊन आला. आत सायकलची नवीकोरी घंटी आणि चिठ्ठी. 'पुढच्या वेळी वाजवत या.' स्वतः नाही आला. आमच्या जिन्याला एकवीस पायऱ्या आहेत. रस्ता ओलांडायचा आणि एकवीस पायऱ्या. दोन वर्षांत नाही चढला.

टाकून काय द्यायची? इथेच आहे, खिडकीला बांधलीय. रोज सकाळी तो गाडीत बसला की वाजवते मी. ऐकायचीय?

...ऐकलीस? छान खणखणीत आहे. महागातली घेतली मेल्याने.

रोज, हो. रविवारीसुद्धा.

वेड नाही लागलंय. वेड लागलेली बाई एवढं काम करते का? अगं, हा पट्टा काय आकाशातून पडला? कचेरीने सांगितलं, रस्त्यावरच्या निम्म्या घरांच्या सह्या आणा. कुणी आणल्या? मी. पडद्याचं माप घ्यायला गेले की टेपच्या आधी कागद काढायचा. सही करा, मग खिडकी दाखवा. पहाटे उठून रस्त्याची रुंदी मोजली मी माझ्या टेपने, दर दहा पावलांवर. इंजिनीअर बाई म्हणाल्या, आमच्यापेक्षा तुमचा आकडा चार बोटं जास्त कसा? लक्षातच आलं नाही गं, सवयीने दोन्ही काठांना दुमड धरली होती. हसल्या त्या. पण माझी तळमळ बघून काम केलं त्यांनी.

आणि सभेत हा चाळीस मिनिटं बोलला. सायकली हव्यात कुणाला, कोण चालवतं, म्हातारे आणि पोरं. मी सह्यांचा कागद दिला फक्त पुढे. त्यात चौथी सही कुणाची माहितीय? त्याच्या बायकोची.

खरंच. स्वयंपाकघराचे पडदे शिवून घेतले होते तिने माझ्याकडून, त्याला न सांगता. म्हणाली, वहिनी, मला त्यांना सांगता येत नाही, तुम्ही सांगा. दिलं सांगून.

हं...

हं. पोचले. पोचले गं त्याच्या दारात. दोरी धरली... गाडीच्या मागच्या चाकापर्यंत रेघ आली... थांबली. मुकादम गाडीला वळसा घालतोय. मान हलवतोय. पुढे गेले. पुढच्या चाकापासून पुन्हा सुरू. आता खांबवाले येतील मागून, ड्रिल उतरवतायत टेम्पोतून. बस. आता बस.

काय? ...नाही, तू काय म्हणालीस? आवाज नव्हता येत, ड्रिल चाललंय.

कुणी? यांनी? यांनी तुला फोन केला?

काल? काल कधी? मी दळण आणायला गेले तेव्हा... काय म्हणाले?

...

असं म्हणाले?

मला चार दिवस तुझ्याकडे घेऊन जा, असं? मला? म्हणजे अडचण मीच का घरातली?

मग नीट सांग. शब्द सांग त्यांचे. हं. 'सायकल गेली ती गेली...' हं. '...पण हिला कुणीतरी खिडकीतून आत आणा.'

...

नाही, आहे. आहे फोनवर.

मग मी कुणासाठी उभी राहते इथे? सांग ना. कुणासाठी? त्यांच्यासाठीच ना? त्यांनी एकदा तरी शिवी द्यावी त्याला, एकदा तरी. 'जाऊ दे' म्हणतात. हाडात खिळे घातले, 'जाऊ दे.' दुकान पुतण्याकडे दिलं, 'जाऊ दे.' दोन वर्षं डॉक्टरकडे सोडलं तर जिना उतरले नाहीत, सायकल जिन्याखाली गंजली, 'जाऊ दे.' कुणीतरी रागवायला नको का? त्यांच्या वाटचा राग मी सांभाळलाय. एकटीने. त्यांना काय झालं बोलायला...

मी नाही रडत. रंगाचा वास आहे.

मला सांगायचं ना त्यांनी. तुला कशाला. मी इथेच तर असते.

...हं. खिडकीत असते. ठीक आहे, खिडकीत असते.

थांब. मी विचारते त्यांना. तोंडावर विचारते. तू फोन ठेवू नकोस, तू साक्षीदार. अहो... अहो, ऐकलंत का? ही काय सांगतेय...

खोलीत नाहीत. न्हाणीघरात असतील. ...नाही, उघडं आहे.

डबा आहे पलंगावर. उघडा. बटणं सांडलीत सगळी. सुई तशीच. बटण कुठे लावलंय, शर्टाचं बटण शाबूत होतं मग...

थांब जरा.

अगं, किल्ली नाहीये.

किल्ली नाहीये डब्यात. थांब, उपडा करते. ...नाही. नाहीये. काठी पण नाही. दारात बूट नाहीत. बूट. दोन वर्षांचे बूट, कपाटावर होते वर, काढले कसे यांनी...

कशी ऐकणार? ड्रिल चाललंय, मी तुझ्याशी बोलतेय. एकवीस पायऱ्या उतरला माणूस आणि मला कळलं नाही.

खिडकीतून बघते. थांब. थांब गं.

...

रस्त्यात आहेत. मधोमध. निळा शर्ट. एका हातात काठी, दुसरा हात वर केलाय ड्रिलवाल्याला. थांबलं ड्रिल. ऐकतेस ना, थांबलं. मुकादमाला काहीतरी सांगतायत. मुकादम वर बघतोय. माझ्याकडे बघतोय. कळलं त्याला आता, परगावी कोण आहे ते...

खाली जायला हवं मला. जाऊ कशी, खिडकी सोडली तर काही दिसायचं नाही.

गाडीत बसले. बसले गं. आधी काठी आत टाकली, मग उजवा पाय, मग डावा हाताने उचलून. चालवतील, हो, तिला क्लच नाही, डाव्या पायाला काही काम नसतं. पण सख्य होतं तेव्हा चालवलेली, दोन वर्षांत चाकाला हात नाही लावलाय...

चालू केली.

हलतेय. मागे घेतायत थोडी. ओला रंग आहे ना कडेला, तो चुकवून. आता बाहेर. ...कोण? तो? थांब, रिक्षा थांबलीय कोपऱ्यावर. तोच. जावईबापू उतरतायत. फाइल हातात. बघ, बघ, उभा राहिला. आपलीच गाडी आपल्या समोरून चाललेली बघतोय, आ वासून. धावतोय... नाही, थांबला. आत कोण आहे ते दिसलं त्याला. आज दिसलं बरं.

कुठे चाललेत हे? वळवतायत... इकडे वळवतायत. इकडे? आमच्या दारात? अगं माझ्या दारात लावतायत त्याची म्हैस. तिथे मी कुंड्या ठेवल्यात जागा अडवून... कुंड्यांच्या पुढे लावली. नीट लावली. फुटपाथला समांतर. माझ्या खिडकीच्या बरोब्बर खाली.

बंद केली.

...

बसलेत. उतरत नाहीत. माहीत नाही का ते. टप दिसतोय वरून, आणि खिडकीतून त्यांचा हात. दाराच्या कडीवर हात आहे. दुखत असेल का... अहो...

थांब. बोलू नकोस.

बाहेरच्या आरशात बघतायत. आता मान वळवून मागे बघतायत. शाळेकडून एक पोरगी येतेय सायकलवर. पाठीला दप्तर, वेणी उडतेय. हात तसाच आहे कडीवर. ते थांबलेत. तिच्यासाठी थांबलेत. समोर तो उभा आहे, बघतोय.

गेली. गाडीला घासून गेली, वीतभर अंतराने. तिला कळलंही नाही.

पुन्हा एकदा बघितलं मागे. आता उघडलं. सावकाश उघडलं दार.

...

नाही. आहे मी.

दार उघडायच्या आधी मागे बघितलं गं यांनी. एवढंच केलं. त्याच्यासमोर.

तो... तो खाली बघतोय. फाइल छातीशी धरलीय. आता येतोय रस्ता ओलांडून. दोन्हीकडे बघून येतोय, मेला. हे उतरले, गाडीला टेकून उभे आहेत. किल्ली पुढे केली. तो घेतोय. चष्मा काढून पुसतोय. हे त्याच्या हातातून चष्मा घेतायत. दांडी वाकडी असेल. सरळ करून दिली. दुकानात बसल्यासारखी, तिथे रस्त्यात उभं राहून.

नाही वाजवली. हात घंटीवर आहे, पण नाही वाजवली.

वळले. येतायत घराकडे. भिंतीला हात धरून... काठी कुठाय? काठी नाही त्यांच्या हातात. काठी गाडीतच राहिली. अहो, काठी...

विसरले? हे? उभ्या जन्मात रुमाल नाही विसरले ते. ठेवलीय. मुद्दाम ठेवलीय. त्याच्या गाडीत.

आणि त्याला दिसलीय. दार उघडून काढली त्याने. धरून उभा आहे, बावळटासारखा. रंगवाले सगळे बघतायत त्याच्याकडे, मुकादम बघतोय. गाडीला टेकवून ठेवता येत नाही, रस्त्यात टाकता येत नाही...

येतोय.

आमच्या दारात शिरला. जिन्यात पावलं आहेत गं. यांची कळतात मला, एक जड, एक हलकं. आणि मागे दुसरी. थांबली दोन्ही. ...यांना दम लागला असेल. पुन्हा सुरू. आता बरोबर येतायत. हात धरला असेल त्याने. नाहीतर यांना एवढं भरभर नाही चढता येत.

मी दारापाशी आहे. आतून. पडदेच्या पडदे शिवले या दोन वर्षांत आणि आता हात पुसायला फडकं सापडत नाहीये.

सतरा... अठरा...

आले. दाराबाहेर आहेत.

नाही. नाही उघडत अजून. अगं उघडणार आहे, ओरडणार नाही, चहा पण टाकीन. यांच्यासाठी टाकायचाच आहे, एक कप वाढेल. पण आधी त्याला दाराची घंटी वाजवू दे. यांना सांगत होता ना, वाजवत या म्हणून. वाजवू दे त्याला.

थांब.

...

वाजली. ठेवते.